जुनं कार्ड, नवं कार्ड आणि अप्पांची लाल गाडी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आलं! आलं एकदाचं! नव्या पेठेतल्या दुकानदाराने ग्राफिक्स कार्डाचा खोका समोर ठेवला तर मी तिथेच उघडायला बसले. वेडी कुठली! सोबत बत्तीस इंची मॉनिटरही घेऊन टाकला. लोकांच्या बंगल्यांची थ्रीडी चित्रं काढून पोट भरते, एवढी चैन केली तर काय झालं? अव्वा — कानडी माहेरची माझी आई — म्हणाली, "एवढ्यात कानातलं झालं असतं की गं, भुवी." होऊ दे. कानातल्याने बंगला रेंडर होत नाही.

जुनं कार्ड काढलं. २०१४ चं, ७५० टीआय. हातात घेतलं तर इतकुसं! पंख्यात अकरा वर्षांची धूळ. पुसता पुसता गलबलून आलं.

अप्पांनी आणलेलं ते. मी डिप्लोमाला होते, सोलापुरात मिळेना. अप्पा तेव्हा सोलापूर-पुणे एसटीवर ड्रायव्हर. पुण्याच्या दुकानदाराने स्वारगेटला आणून हातात दिलं. केबिनमध्ये इंजिनाची धग लागेल म्हणून कंडक्टर येडूमामांच्या पेटीत, टॉवेलात गुंडाळून. येडूमामा अजून सांगतात — दर थांब्याला अप्पा मागे वळून विचारायचे, "पोरीचं हाय न्हवं जागेवर?"

फेकणार नाही. पुसून कपाटात ठेवलं.

२ नोव्हेंबर

रविवार असून दिवसभर हेच. जुन्यात ६४० कोअर, नव्यात ३८४०! मेमरी दोन जीबीची आठ झाली. जुनं साठ वॅटवर भागवायचं, वेगळी वायरसुद्धा मागायचं नाही बिचारं. हे १४५ खातं. पण गंमत — मेमरीचा रस्ता दोघांचाही १२८ बिटच. आपल्या बाळीवेशीच्या जुन्या चौकासारखं! रस्ता तेवढाच, गाड्या मात्र सुसाट.

जो बंगला जुन्यावर स्वयंपाक आवरून आलं तरी अर्धाच असायचा, तो आज चहा उकळेपर्यंत तयार. काय सांगू!

पण एक आहे. जुन्यावर रेंडर लावला की मी आणि अप्पा कडक भाकरी नि शेंगाचटणी घेऊन बसायचो. गाडीच्या गोष्टी निघायच्या. टेंभुर्णीला म्हैस आडवी आलेली, कुर्डुवाडीच्या फाट्यावर टायर बसलेला. आज ताटली घेऊन बसलो तर काम संपलेलं! अप्पा आपले उठून गेले.

४ नोव्हेंबर

आज अप्पांची पाळी. रिटायर झाल्यावर करमेना म्हणून मीच त्यांना बस चालवायची गेम लावून दिली होती, स्टिअरिंगसकट. गाडीला लाल रंग मारला, पाटी लावली — सोलापूर-वैराग. तेव्हापासून दुपारची झोप झाली की अप्पा ड्युटीवर! अव्वा कपाळाला हात लावते. "तीस वर्सं गाडी, आता बी गाडीच. लहान पोरगं झालाय."

आजवर अप्पांचा एक ओरखडा नाही. खऱ्या गाडीलाही नव्हता. बिनअपघाती सेवेचा बिल्ला देवघरात आहे, रोज हळदकुंकू लागतं त्याला.

जुन्या कार्डावर सेकंदाला तीसेक फ्रेम, झाडं म्हणजे हिरवे ठिपके. आज एकशेचाळीस फ्रेम! पानन् पान दिसतंय. मी मागे उभी — आता अप्पा म्हणणार, वा गं पोरी!

तर अप्पांनी रिक्षा उडवली. मग खांब. मग दुधाची गाडी. मग स्टिअरिंग सोडून म्हणाले, "तुजं नवं कार्ड काय धड न्हाय. जुनंच बरं होतं."

असा राग आला!

५ नोव्हेंबर

आज पुन्हा धडकले. अप्पा धड जेवलेही नाहीत. पडद्यावरची गाडी म्हणून काय झालं, ड्रायव्हरचं तोंड उतरलं की उतरलंच.

८ नोव्हेंबर

म्हटलं, होऊन जाऊ दे दूध का दूध. कपाटातून जुनं कार्ड काढलं, परत बसवलं, मॉनिटर नवाच. अप्पा खुशीत बसले. वेस ओलांडायच्या आत टमटमला धडक! डाव्या अंगाने.

"बघा! तुमचं लाडकं कार्डच आहे हे."

 मला जिंकल्यासारखं वाटलं.

९ नोव्हेंबर

मग उलटं केलं. नवं कार्ड बसवलं, पण जुना एकोणीस इंची मॉनिटर. त्याच्या पिनेला कन्व्हर्टर आणायला पुन्हा नव्या पेठेत गेले. अप्पांनी वैराग गाठलं. एक ओरखडा नाही! "सुधारलं की गं!" म्हणाले, कितीतरी दिवसांनी हसले.

म्हणजे कार्डात खोट नाही. कुठल्याच नाही. मॉनिटर रुंद असला की अप्पा धडकतात, अरुंद असला की नाही. वाटलं नव्या मॉनिटरची डावी कड बिघडली असेल. डोळे फाडून बघितलं. स्वच्छ.

जेवताना अव्वाने चटणी अप्पांच्या डाव्या हाताला ठेवली. अप्पा भाकरी मोडून बसलेले. "चटणी कुटं हाय?"

वाटी हाताशेजारीच होती.

 उद्या सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन.

१२ नोव्हेंबर

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावीकडे जास्त. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या — कडेचं गेलं ते परत येत नाही, समोरचं थेंबांनी टिकवू. समोरचं! म्हणजे एकोणीस इंचातलं.

रिक्षात अव्वा रडत होती. अप्पा समोर बघत बसले होते. मी अप्पांचा हात धरून बसले, लहानपणी ते माझा धरायचे तसा.

१३ नोव्हेंबर

अप्पा आज ड्युटीवर नाहीत. स्टिअरिंगवर फडकं टाकलंय.

१४ नोव्हेंबर

थेंब घालताना अप्पाच बोलले. "मला दोन वर्सं झाली कळून. विजापूर वेशीत डावीकडनं एक बाई आली. दिसलीच न्हाय. ब्रेक लागला म्हणून वाचली. दुसऱ्या दिशी स्कूटर विकली."

आणि आम्हाला काय सांगितलं? चाललं की साखर उतरते!

मी ओरडलेच. "दोन वर्षं, अप्पा! तेव्हाच थेंब घातले असते तर? बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ही बी गाडी काढून घेतली असतीस की."

१५ नोव्हेंबर

एकोणीस इंची मॉनिटर आजपासून अप्पांचा. जुनं कार्डही त्यांचंच. कपाटातून काढून, जुने सुटे भाग जोडून केलेल्या कॉम्प्युटरात बसवून दिलं. अव्वा स्टूल घेऊन आली आणि अप्पांच्या डाव्या बाजूला बसली. वाटीवर चमचा दोनदा वाजवला. डबल बेल! गाडी सुटली. आता कानडीत नुसती ओरडतेय — "एडक्क नोड्री! डावीकडं, डावीकडं!"