आट्यांचा जिना

सोमवार, १ सप्टेंबर

आज भोकात जाऊन आले!

म्हणजे माउसचं चाक फिरवत गेले, फिरवत गेले, आणि आठ मिलिमीटरचं भोक पडद्याएवढं झालं. चारी बाजूंनी राखाडी भिंत. वर गोल उजेड. विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. किती वेळ बसले होते कोण जाणे. शार्दूलसर मागे येऊन उभे — "पूनम मॅडम, सापडलं का काही आत?" सगळे हसले. मीही हसले. काय सांगणार? आत फार शांत वाटत होतं म्हणून?

सर माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ऑफिस त्यांचंच. निगडी प्राधिकरणात एका बंगल्याचा तळमजला, पाच कॉम्प्युटर, मागे पेरूचं झाड. लेक पहिलीत गेली आणि मी सात वर्षांनी पुन्हा डिझाइनच्या कामाला लागले. तीन महिने कच्ची. ३० तारखेला सर सांगणार — राहा, नाहीतर या आता.

रणजीतनेही तेच धरून ठेवलंय. पक्की झालीस तर कर, नाही झालीस तर नवरा म्हणून सांगतो, हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. ओरडून नाही म्हणाला. शांतपणे म्हणाला, म्हणून जास्त लागलं. इथे तरी लिहिते — मला हे काम हवंय. फार हवंय.

गुरुवार, ४ सप्टेंबर

बसमध्ये पुन्हा तंद्री. निगडी शेवटचा स्टॉप आहे म्हणून बरं, नाहीतर रोज लोणावळ्याला पोचले असते. कंडक्टर म्हणाला, ताई, उतरा, गाडी फिरवायचीय.

पंपाचं झाकण आलंय माझ्याकडे. अ‍ॅल्युमिनियमचं. कडेला सहा भोकं, प्रत्येकात आठ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आटे. आता गंमत अशी, की कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये आटे खरे कोरायचे नसतात. फाइल जड होते, कॉम्प्युटर मान टाकतो. भोक मुद्दाम लहान ठेवायचं, सहा पॉइंट आठ, आणि वर आट्यांचं नुसतं चित्र चिकटवायचं. खरे आटे वर्कशॉपवाला पाडतो. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, आत फिरवला की भिंतीचाच धातू कोरला जातो. सगळीकडे अशीच पद्धत.

एवढी सुंदर गोष्ट, आणि नुसतं चित्र? मला बाई वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत एक खरा केला! भोक आठाचं घेतलं आणि भिंतीवरून आतल्या बाजूला धातूची कड चढवत नेली, गोल गोल, खालपासून वरपर्यंत. जिना झाला! मग आत शिरले आणि त्या जिन्यावरून उतरत राहिले. फिरत फिरत खाली जायचं, आणि वाट कुठे तुटतच नाही. मग राहवेना. सहाही भोकांत तोच लावला. डोळ्यांत पाणी आलं चक्क. कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

कॉम्प्युटर अकरा मिनिटं ढिम्म. झालं! घाईघाईने सगळे जिने पुसले, वर चित्रं चिकटवली, संध्याकाळी फाइल दिली.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

साठ झाकणांचं काम कुणाकडे गेलं असेल? मालोजीरावांकडे! आमच्या चिखलीतच वर्कशॉप त्यांचं, घरापासून दोन गल्ल्या. नानासाहेबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, चुलतभाऊ. हल्ली त्यांनी नवं मशीन घेतलंय, ते मॉडेल वाचूनच भोकं पाडतं. म्हणजे माझ्या हातचं काम माझ्याच गावात होणार. दिवसभर उगाचच हसू येत होतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

स्वप्नात सगळी चिखली आट्यांची होती. गल्ल्या फिरत फिरत खाली उतरत होत्या आणि सासूबाई पुढे चालल्या होत्या, मागे न बघता.

मंगळवार, १६ सप्टेंबर

झाकणं आली. सरांनी भोकावर स्क्रू धरला आणि सोडला. सुळकन आत गेला. पकड म्हणून नाही. दुसऱ्या भोकात, तिसऱ्यात — तेच. साठच्या साठ!

सरांनी तिथूनच मालोजीरावांना फोन लावला. नको नको ते बोलले. एवढी वर्षं काम करता आणि भोकाचं माप कळत नाही? यापुढे काम चाकणच्या माणसाला देतो.

मी माझी फाइल उघडली. भोक आठाचंच! जिना पुसला, पण जिन्यासाठी घेतलेलं मोठं भोक तसंच राहिलं. आटे पाडायला धातूच उरला नाही. वर माझं चित्र मात्र झकास.

कोणी बघायच्या आत फाइल बंद केली.

बुधवार, १७ सप्टेंबर

नाही सांगितलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आजही नाही. चौदा दिवस राहिलेत... नाही, अकराच. तारखासुद्धा धड मोजता येईनात. उद्या सांगते म्हणत बसमध्ये बसते आणि खिडकीतून बघत राहते. ढग, होर्डिंग, वाळत घातलेल्या साड्या, सगळं कसं लांबचं, पाण्याखालचं दिसतं. कोणीतरी दुसरीच बाई चुकलीय आणि मी तिची हकीकत ऐकतेय असं वाटतं. बरं वाटतं तसं वाटलं की. लाज वाटते मग.

रविवार, २१ सप्टेंबर

मालोजीराव आले होते. नानासाहेबांजवळ ओट्यावर बसले. मी पदर घेऊन चहा ठेवला. ते नेहमीसारखे तुळशीकडे बघत म्हणाले, "सूनबाईला सांगा, साखर कमी चालंल." लग्नाला आठ वर्षं झाली, ते माझ्याशी कधी सरळ बोललेले नाहीत. आमच्या भावकीत सासऱ्याच्या नात्याचा माणूस सुनेशी थेट बोलत नाही. त्यात राग नसतो, मानच असतो.

आत आले आणि दाराआड थांबले.

"मला शंका आली व्हती, नाना," ते म्हणत होते. "मॉडेल आठ दाखवीत व्हतं, फायलीवर नाव सूनबाईचं. पर सायबाला इचारलं तर तिचं नाव खराब व्हायचं, आन् सूनबाईला फोन तरी कसा करायचा? म्हनून तर तुमाला इचारलं."

नानासाहेब म्हणाले, मला काय कळतंय त्यातलं, कॉम्प्युटरमधी हाय म्हंजे बरोबर आसंल, असं मीच सांगितलं तुला.

म्हणजे त्यांना माहीत होतं! मॉडेल कुणाचं, चूक कुणाची, सगळं. सरांची बोलणी खाल्ली आणि माझं नाव घेतलं नाही. आणि त्या आधी एक फोन केला असता, नुसता एक, तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. मला राग आला. त्यांचा, माझा, त्या मानाचा. स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

सासूबाईंनी बघितलं. सगळं सांगून टाकलं त्यांना. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. "चुकलीस, व्हय. घरात बसून मानूस चुकत न्हाई व्हय? पर त्यो बिचारा तुज्यापायी तोंड लपवून फिरतोय. जा, सांग तुज्या सायबाला."

मी म्हणाले, काम जाईल.

"जाईल," त्या म्हणाल्या, आणि तवा उतरवला.

सोमवार, २२ सप्टेंबर

सांगितलं. दहा वाजून पाच मिनिटांनी. फाइल उघडून दाखवली, जिन्याचं पण सांगितलं. सरांनी भोकाचं माप स्वतः तपासून बघितलं. मग उठले, गाडी काढली आणि थेट चिखलीला गेले, मालोजीरावांची माफी मागायला.

झाकणं वाचतील. मालोजीरावच म्हणाले म्हणे, भोक जरा मोठं करू आणि आत तारेची आटेदार स्प्रिंग बसवू, स्क्रू तिच्यात धरतो. साठ झाकणं, प्रत्येकी सहा. एकेक हाताने बसवणार.

आज बसमध्ये झोप लागली. साधी, रिकामी झोप.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही.

"चूक मी माफ केली असती. पण सहा दिवस मी त्या माणसाला नावं ठेवत होतो आणि तुम्ही समोर बसला होतात."

खरं होतं ते. टेबलावरचा डबा उचलला, सगळ्यांना येते म्हणाले. येते कसलं, जातेच म्हणायला हवं होतं. रणजीतला सांगितलं तेव्हा तो नुसतं "बरं" म्हणाला आणि पाठीवर हात ठेवला. तो हात नको होता मला. काम हवं होतं.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. पाटावर कोयता, विळा, पहार, ट्रॅक्टरच्या पान्यांचा डबा. नानासाहेब हळदकुंकू वाहत होते. सासूबाई म्हणाल्या, तुजं हत्यार कुठंय? मी म्हणाले, ते ऑफिसात राहिलं, आणि आता माझं नाही. "काईबाई आसंल की," म्हणाल्या. कपाट धुंडाळलं. डिप्लोमाच्या वेळचं माप घ्यायचं व्हर्नियर मिळालं, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेलं. पाटावर ठेवलं. झेंडूचं फूल त्याच्यावरून सारखं घरंगळत होतं. मी दुपारभर ते बघत बसले.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. अनोळखी नंबर.

"पूनम, मी मालोजी बोलतोय. नंबर वैनीकडनं घेतला. दुसऱ्या कंपनीचं काम हाय, मॉडेल येक सांगतंय आन् कागद दुसरंच. मशीन बंद ठिवलंय. तू येऊन बघ, मंग चालू करतो. आन् हे आता रोजच बघत जा."

रणजीत समोर चहा पीत होता. त्याला विचारलं नाही. सांगितलं, आणि निघाले.