कापलेले समास

धरमपेठ, नागपूर
२ सप्टेंबर १९७४

चि. पुष्पलतास आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. अमरावतीची शाळा मानवली का? इकडे उकाडा आहे, काकूचे गुडघे आहेत आणि आमच्या ‘खाजकुयली’ मासिकाचा दिवाळी अंक आहे. तिन्ही दुखणी जुनीच.

मासिकाचं कौतुक चाललं आहे. मजकुराचं नव्हे, अक्षराचं. नागपूरच्या मासिकानं छपाईसाठी स्वतःच्या वळणाचे खिळे पाडून घेतले म्हणून सदर भागात सभा झाली. वक्ते म्हणाले, गिरिधररावांच्या अक्षरालाही लेखणीसारखीच धार आहे. मी मान लववली. हार झेंडूचा होता. बाकी काही आठवत नाही.

तू तुझ्या बाबांचे अक्षरांचे कागद पुन्हा मागितलेस. विहाराची पाटी त्याच वळणात रंगवायची म्हणतेस. मागे मी ‘शोधतो’ असं लिहिलं होतं. शोधण्यासारखं काही नव्हतं; कागद कुठे आहेत ते मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात तुझी आई ऑफिसात आली होती. हातात आमच्याच अंकाचं तेलकट पान. जरीपटक्याच्या बाजारात चिवडा त्यात बांधून मिळाला होता.

“भाऊ, हे त्याईच्या हातचं आहे ना?”

“छापाचं अक्षर सगळं सारखंच दिसते, वहिनी.”

“मले वाचता येत नाही. पण वीस वर्षं त्याईनं पाट्या रंगवल्या, रंगाचा डबा मीच धरला. हा ‘ळ’ पाहा. काहून नाही म्हणता?”

“चहा घ्या, वहिनी.”

तिनं चहा घेतला, पानाची घडी केली आणि गेली. भांडली असती तर मला उत्तर सुचलं असतं. माझी सगळी हुशारी भांडणातली आहे.

तर ऐक. शेवटच्या आजारपणात तुझ्या बाबांनी, आमच्या बाबारावानं, मासिकासाठी मला अक्षरांचे अठ्ठेचाळीस कागद काढून दिले. प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘क’चं पोट शिळाछापाच्या पोथीवरून. ‘र’चा पाय इतवारीतल्या जुन्या पाटीवरून. कुणाकडून काय घेतलं ते सगळं, आणि खाली सही.

मी हसलो होतो. “अबे, चोर कधी पावती ठेवते का?”

“चोर नाही ठेवत गा. म्हणून तर मी ठेवून राहिलो.”

खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीला कागद पाठवायच्या आदल्या दिवशी मी कात्री घेऊन बसलो आणि अठ्ठेचाळीस समास कापले. कागद स्वच्छ दिसावेत म्हणून, असं स्वतःला सांगितलं. काकूनं विचारलं, काय कापताय? म्हटलं, फालतू मजकूर. पट्ट्या केरात गेल्या. बाबाराव तेव्हा जिवंत होता. खाटेवरून निरोप पाठवून विचारत होता, ‘ज्ञ’ नीट उतरला का?

तो गेला तेव्हा घाटावर मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. दर महिन्याला दुसऱ्यांच्या कथा चोरणाऱ्यांना मी अंकात नावानिशी सोलतो, तेही नेमानं चालू आहे. भूक लागते. झोप येते.

आता फाउंड्री हे खिळे सगळ्या छापखान्यांना विकणार आहे. टाइपाचं नाव त्यांनी ठरवलंय, ‘गिरिधर’. दहा तारखेपर्यंत माझी संमती हवी. एकदा कॅटलॉगमध्ये नाव चढलं की ते कुणी उतरवत नाही.

सोबत त्यांना लिहिलेलं पत्र आहे. अक्षर बाबाराव गजभिये यांचं आहे, नाव त्यांचंच द्या, कागद त्यांच्या मुलीकडे पाठवा, इतकंच त्यात आहे. सही केली आहे. तीनदा टपालपेटीपर्यंत नेलं आणि तीनदा परत आणलं. पाकीट उघडं ठेवलंय. वाच आणि तू टाक.

समासांतलं जेवढं आठवलं तेवढं त्याच पत्राच्या मागं उतरवलं आहे. अठ्ठेचाळीसांतले अकरा आठवले.

सुट्टीत आलीस की हे आईला वाचून दाखव. वाचताना माझी बाजू घेऊ नकोस. त्यानंतर तिनं मला भाऊ म्हणायचं ठरवलं की आणखी काही, तेवढं कळव.

तोवर नुसता,
गिरिधर