रोझानचा दात आणि यंदाचा रिफंड

५ जानेवारी
संकल्प: यंदा टॅक्सचा फॉर्म मी स्वतः भरणार. दर वर्षी बायको, रोझान, मला लायब्ररीत नेते. तिथे शनिवारी प्रुइट बाई आमच्यासारख्या बेताच्या पगारवाल्यांचे फॉर्म फुकट भरून देतात. याच बाईंनी मला सातवीत दोनदा गणितात नापास केलं होतं. आता गोदामाच्या पगाराचे कागदही त्यांच्यापुढे ठेवायचे? बास झालं.

रिफंडचं काय करायचं ते ठरलंय. रोझानचा पुढचा दात. तुटल्यापासून हसताना तोंडावर हात धरते. शाळेच्या कँटीनमध्ये वाढते, पोरं बघतात. २४ मेला आमच्या लेकीचा, टेसाचा, शाळा संपल्याचा पदवीदान समारंभ आहे, तिथल्या फोटोआधी दात बसावा, एवढंच रोझानचं मागणं. गेल्या वर्षीचा रिफंडसुद्धा दातासाठीच होता, पण ऐन वेळी होडी फार स्वस्तात मिळाली. (इंजिन नव्हतं.) रोझान काही बोलली नाही. समजूतदार बाई आहे.

१२ जानेवारी
अकरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. सोपं आहे. शेजारच्या अर्लला समजावलं: पगार कमी आणि घरात मूल असलं, की कापलेल्या टॅक्सपेक्षा जास्त पैसे सरकार परत देतं. सगळी गंमत मुलाची. अर्लला मूलबाळ नाही. मग मला कशाला सांगतोस, म्हणाला. जळतो.

२७ जानेवारी
आजपासून फॉर्म घेतात. आधी टेसाचा भरला. अठरा वर्षांची आहे, शाळेचं शेवटचं वर्ष, शनिवार-रविवार चिकनच्या दुकानात काम करते. म्हटलं, शिकून घे. फोनवर आठ मिनिटांत काम. एका प्रश्नावर अडली: दुसरं कुणी तुला आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवू शकतं का?

मी म्हणालो, "नाही लिही. स्वतः कमावतेस. कुणाच्या बापाला भ्यायचं नाही."

पोरगी खूश. बाप म्हणून मला भरून आलं.

२८ जानेवारी
माझा फॉर्म. तीन तास. अवलंबून: टेसा. पाठवला. होडीच्या इंजिनांचे भाव सहज बघून ठेवले. दात झाल्यावर उरले तर.

२९ जानेवारी
फॉर्म नामंजूर. कॉम्प्युटरवर ताण असेल. परत पाठवला.

३० जानेवारी
परत नामंजूर. कारण नीट वाचलं. टेसाचा सरकारी ओळख नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी फॉर्मवर आधीच लागलाय म्हणे. म्हणजे चोरी! माझी पोरगी कागदावर कुणीतरी पळवली.

२ फेब्रुवारी
चार वेळा नामंजूर. चोर कोण असावा? मूलबाळ नसलेला. टॅक्सची सगळी माहिती असलेला. अर्लला तोंडावर विचारलं. त्याने बर्फ काढायचं मशीन परत नेलं. अपराधी माणूस असाच वागतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
रोझानने लायब्ररीत नेलंच. मी बाईंना चोरीची हकिगत सांगितली. बाईंनी चष्म्यावरून बघत एकच विचारलं, टेसाने स्वतःचा फॉर्म भरला होता का? आणि तिला सांगितलं कुणी? मी म्हटलं, इथे उकडतंय फार.

"हॅस्केल," बाई म्हणाल्या, "प्रश्न पूर्ण वाचायचा, हे तुला दोन वर्षं सांगत होते मी."

पोरगी स्वतः कमावते का, असा प्रश्न नव्हताच. तिला घरी ठेवून पोसतो कोण, असा होता. मीच पोसतो. म्हणजे चोर मीच. आता टेसाचा फॉर्म दुरुस्त करायचा, माझा कागदावर लिहून पोस्टाने पाठवायचा. पैसे यायला जुलै उजाडेल.

गाडीत रोझान काही बोलली नाही. या वेळी त्या न बोलण्याचा अर्थ मला लागला.

१५ मार्च
रोझानला सुचवलं, फोटो जरा लांबून काढू. जेवण मिळालं, पण थंड.

टेसाने चिकनच्या दुकानातले जमवलेले चौसष्ट डॉलर आईच्या हातावर ठेवले. दातासाठी. माझ्यासमोर. मी अंगणात जाऊन होडीवरचं पाणी काढत बसलो. बराच वेळ. थोडंच होतं पाणी.

६ एप्रिल
अर्लची माफी मागितली. होडी त्याला विकली. त्याच्या शेडमध्ये एक इंजिन वर्षभर पडून होतं. बोलला का नाहीस, विचारलं. तू मला टॅक्स शिकवत होतास, म्हणाला.

अंगणात होडीच्या आकाराचं पिवळं गवत उरलंय. लाज वाटते बघून. पैसे सरळ दाताच्या डॉक्टरला नेऊन दिले, वाटेत कुठेही थांबलो नाही.

२४ मे
समारंभ झाला. रिफंडचा पत्ता नाही. फोटो अर्लने काढला. ऐन वेळी टेसा म्हणाली, बाबांनी मला सरकारदरबारी स्वतंत्र केलं होतं, दहा-बारा दिवस. प्रुइट बाईसुद्धा हसल्या. रोझानचा हात सवयीने तोंडाकडे निघाला, अर्ध्यात थांबला आणि खाली गेला.

फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. रोझान तोंडभर हसते आहे, सगळे दात दिसताहेत. माझ्यावर हसते आहे. हसू दे.