पुढाकारावरची पुस्तिका पोचली

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

प्रभूमध्ये सलाम. इकडे सगळं ठीक. तिकडेही असणारच, प्रवचनं छापून घेण्याइतकी सवड मिळतेय म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

'ख्रिस्ती जीवनात पुढाकार' ही तुझी पुस्तिका पोचली. अभिप्राय मागितला आहेस. कागद छान आहे. मुखपृष्ठावर तुझा फोटो क्रूसाच्याही पुढे आलाय, म्हणजे विषय तुला कळलाय. 'आपण हाक मारायची वाट न पाहता देवाने आधी प्रेम केलं,' हे वाक्य मला आवडलं. तू ते नुसतं लिहिलंस की वाचलंसही?

आता मंडळीची बातमी. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई खिडकीजवळच्या खाटेवर आहे, हे तुला ठाऊकच आहे. समोर चर्च, मध्ये एवढीशी गल्ली. दर रविवारी पाळकसाहेब माईकवरून तिचं नाव घेतात, "प्रभू, तुझ्या या वृद्ध दासीला तुझ्या मंदिरात परत आण," आणि वृद्ध दासी खिडकीतून शब्दन्‌शब्द ऐकते. एकदा मला म्हणाली, "अगं, प्रभूला एवढ्या लांब कशाला सांगतायत? मला हाक मारली तर ऐकू येईल."

मी चर्चच्या पंचांच्या चिटणिसाकडे गेले. तो म्हणाला, "ताई, सध्या त्यांना प्रार्थनेत ठेवू."

"प्रार्थनेत वर्षभर आहेच. आता खुर्चीत ठेवा, आणि चौघे उचला."

"पण पायऱ्यांवर काही झालं तर जबाबदारी कोणाची? सभेत विषय घ्यावा लागेल."

त्या पक्षाघाती माणसाला छपरातून येशूपुढे खाली सोडणारे चौघे नशिबाचे. त्यांच्या गावात चिटणीस नसावा.

शेवटी शेजारचा गॅरेजवाला, ज्याने जन्मात कुठल्या प्रार्थनेला हजेरी लावली नाही, हात पुसत आला. "उचलायचंच आहे ना? मग एवढी चर्चा कसली?" त्याने खुर्ची मागून धरली, मी पुढून. आई वरून हुकूम सोडत होती, "हळू रे बाबा, मी इंजिन नाही." आम्ही आत शिरलो तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि पाळकसाहेब नेमके तिच्याच नावावर आलेले. आईने त्यांच्या मागोमाग खणखणीत 'आमेन' म्हटलं. माईक त्यांच्या हातून पडला.

मग काय विचारतोस. प्रार्थनेचं उत्तर मिळालं म्हणून एकेकाने उठून साक्ष दिली. चिटणिसाने आपण उपास धरला होता असं सांगितलं. पोटाकडे पाहून तसं वाटत नाही. गॅरेजवाल्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मला मात्र बजावण्यात आलं, पुढच्या वेळी आधी कळवत जा.

पुढची वेळ. हेच लिहायचं टाळत इथवर आले. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, हा उन्हाळा काढतील असं सांगवत नाही. आईला माहीत आहे. तुला कळवते म्हटलं तर तिने माझा हात धरला. "त्याला लिहू नकोस. सुचू दे त्याला. बोलावल्यावर येतो तो पाहुणा."

त्या दिवसापासून तिने खाट खिडकीपासून हलवून दाराकडे तोंड करून लावून घेतलीय. वारा लागतो म्हणे. त्या बाजूने वारा कधीच येत नाही, तुलाही माहीत आहे.

आणि तू मागच्या पत्रात लिहितोस, येण्याबद्दल प्रभूच्या मार्गदर्शनाची वाट पाहतोय. अरे, गाडीचं वेळापत्रक स्टेशनवर लावलेलं असतं. तेवढ्यासाठी स्वर्ग कशाला उघडायला हवा?

तुला सुचेपर्यंत थांबले असते, तर तू दफनाला आला असतास, आणि भाषण सुंदर झालं असतं. म्हणून आईचा शब्द मोडून लिहितेय.

तेव्हा नीघ. पत्र फाडून टाक. दारात उभा राहून म्हण, "आई, सहज मनात आलं, म्हणून आलो." मी तुला बघून दचकेन, तेवढं नाटक मला येतं. खोटं बोलायला तुझं मन कचरेल. मोठा प्रचारक ना तू. ते पाप माझ्या नावावर मांड. प्रभूशी मी बोलून ठेवलंय.

तुझी,
वाट बघणं न जमलेली
ताई