हरिबामामांचं नाव

३ फेब्रुवारी
संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातून फोन. परदेशातल्या देणगीदारानं हात काढून घेतला. मार्चनंतर आपण सातजण राहणार नाही, तिघंच. फोनवरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "कपात म्हणू नका शिवलीलाताई, पुनर्रचना म्हणा."
कोण राहील ते मी ठरवायचं. धाराशिवचं ऑफिस मी बघते म्हणून.

४ फेब्रुवारी
कुणालाच सांगितलं नाही. सगळ्यांशी जरा जास्तच चांगलं वागले.

९ फेब्रुवारी
निकिता राहणार. अहवाल, नकाशे, इंग्रजी पत्रं – तिच्यावाचून अडेल. गावांसाठी एकच माणूस. शिवकन्या की हरिबामामा?
शिवकन्या तीस वर्षांची, मोबाईलवर नोंदी झरझर भरते. पदरात लहान मुलगी, नवरा नाही. मामा सत्तावन्न. आधी मेंढरं राखायचे, आता चौदा वर्षं आमच्यात. विहिरींचं पाणी, ऊन, पाऊस, सगळं वहीत लिहितात.
दोन वर्षांपूर्वीची बैठक आठवते. रोजगार हमीच्या कामाची उन्हाळ्यातली वेळ बदला, म्हणून आम्ही तहसीलच्या साहेबांपुढं आकडे मांडत होतो. साहेब घड्याळ बघत होते. मामा मागून उठले. "साहेब, बारा वाजता खडीवर हात ठिवून बघा. आमच्या बाया तितं पाच तास बसत्यात." तीन गावांत कामं पहाटे सुरू झाली. माझ्या आकड्यांनी नाही झाली.

११ फेब्रुवारी
तीन नावं लिहिली. मी, निकिता, शिवकन्या. कागद अध्यक्ष आण्णासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हरिबा नाही?" एवढंच विचारलं. मग सही केली.

१८ फेब्रुवारी
आज सांगितलं. वाशी तालुक्यातून परत येताना, जीपमध्ये. मी चालवत होते, म्हणून त्यांच्याकडं बघावं लागलं नाही.
"पुण्यानं ठरवलं, मामा. माझ्या हातात काहीच नव्हतं."
खोटं इतकं सहज आलं!
 ते बाहेर बघतच म्हणाले, "शिवकन्या ऱ्हायली न्हवं? बरं झालं. पोरगी हाय तिला." पुढं फाट्यावर मला म्हणाले, "तुमी मनाला लावून घेऊ नका, ताई. वरून आलं तर तुमी काय करणार?"
घरी येऊन जेवले नाही.

२ मार्च
मामा शिवकन्येला गावोगाव नेतायत. ती सांगत होती, प्रत्येक पारावर एकच बोलतात, "आता हिला सांगत जावा. ही माझ्यापरीस हुशार हाय." तिला रडू आलं तर तिच्यावर चिडले.

९ मार्च
माकणीला बायकांची बैठक. द्वारकाबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "पाऊस कमी झाला म्हणून तुमी आला. आता तुमीच कमी व्हायलेत. आमी कुणाकडं बघावं?"
मी पुनर्रचना समजावून सांगितली. तो शब्द तिथं फार विचित्र वाटला.  बायकांनी चहा मात्र दिला.

२९ मार्च
निरोप. चौघांना शाल, नारळ. मी भाषण लिहून नेलं होतं, वाचवेना. मामांनी पाया पडू दिलं नाही. "आमी मेलो का काय," म्हणाले. सगळे हसले, मीही.

१ एप्रिल
ऑफिसात तीन खुर्च्या. निकिता हळू आवाजात बोलते. ऐकायला तरी कोण आहे!

५ एप्रिल
आण्णासाहेबांकडं गेले होते. न राहवून बोलून टाकलं – मामांशी खोटं बोलले, नाव मीच वगळलं, आता सोनारीला त्यांच्या घरी जाऊन खरं सांगणार आहे.
 आण्णासाहेब म्हणाले, "त्याला माहीत आहे. तू कागद दिलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आला होता, कपातीची कुणकुण लागून. मी तुझ्या हातचा कागद दाखवला."
"काही म्हणाले?"
"म्हणाला, मला ठाऊक आहे हे ताईला कळू देऊ नका. मला सांगायचं तिला आणखी जड जाईल."