हात वर जाणार नाही

१२ जानेवारी, राजुरी
नवी शाळा, नवी खोली आणि मी भलतीच खुशीत! सामान ओट्यावर उतरलं तेव्हा घरमालकीण ठमाबाई शेतात होत्या. सहज चौकटीवरून हात फिरवला, तर किल्ली तिथेच. दार उघडल्यावर लक्षात आलं, तो हात डावा होता! हा खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या मार्चमध्ये गाठीसकट दंडाच्या हाडाचा वरचा भाग काढला, तेव्हा त्यांनी तीन पर्याय ठेवले होते. धातूचा सांधा, हात खांद्याला कायमचा जखडून टाकणं, नाहीतर कुणी मरणोत्तर दान केलेलं हाड. धातू थंडीत गार पडेल असं काहीतरी खूळ डोक्यात घेऊन मी हाड निवडलं. आज पेढे वाटायला हवेत.

१९ जानेवारी
डाव्या हाताला हे घर पाठ आहे. न बघता बटण सापडतं, फळीवरचा साखरेचा डबा सापडतो. चहा पिताना ठमाबाईंना कौतुकाने सगळं सांगितलं, व्रणही दाखवला. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा मुलगा सूरज गेल्या फेब्रुवारीत मोटरसायकलवरून पडून पुण्याच्या दवाखान्यात वारला. त्यांचे यजमान चांगदेवभाऊ यांनी त्याचे डोळे, हाडं दान केली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नाही. बहिणीचं लग्न करू, तुझी गाय विकणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. पोरगं अजून घरातच हाय, म्हणाल्या आणि माझा दंड कुरवाळत बसल्या. मला हात मागे घेता आला नाही. संकोचाने नव्हे.

२ फेब्रुवारी
डॉक्टरांना फोन केला. दात्याचं नाव सांगता येत नाही. हात वर जातो हे शक्यच नाही, तपासायला या, म्हणाले.
सूरज डावखुरा होता. जेवताना डावा हात भाकरी मोडतो. मी मोडत नाही. मला भीती वाटते.

९ फेब्रुवारी
सूरजचं वर्षश्राद्ध. मला आग्रहाने नदीवर नेलं. तासभर कावळे झाडावरच. मग ठमाबाई हात जोडून मोठ्याने बोलल्या, बाळा, तुजं हाड घरी आलंया, तुला परत देतो आमी.
कावळा सरळ खाली आला. शिवला.
सगळे माझ्याकडे बघत होते. चांगदेवभाऊ म्हणाले, शिवल्याव शबूद मोडता येत न्हाई.

१० फेब्रुवारी, सकाळ
एसटी गाठायला निघाले. ओट्यावर चांगदेवभाऊ आणि भाऊबंद बसलेले. बाई, बसा की, घाई काय हाय. कोयत्याला धार लावत होते. आत पळाले, दाराची वरची कडी घातली. उजव्या हाताने. डावा घालू देईना.
फोन ठमाबाईंकडे चार्जिंगला राहिलाय.

दुपार
ठमाबाई दारापाशी आल्यात. हाका मारतायत, मला नाही. सूरजला. बाळा, दार उघड.

डावा हात ओढणीने कमरेशी बांधलाय. वही दारावर टेकवून लिहितेय, कुणाला तरी कळावं — जखडूनच टाकायला हवा होता तेव्हा —

गाठ सुटली. मी नाही सोडली.

उजव्याने खाली ओढून पाहिला, ओढवला नाही. खांद्याच्या वर गेला. डॉक्टर, शक्य नाही म्हणालात ना, हा बघा, कडीला —