गाऱ्हाण्याला न दिलेला होकार

बाबा,

हल्ली दुपारी माझा डोळा लागतो. ओहोटीला खाडीचा वास घरात येतो आणि अर्धवट झोपेत तुम्ही दारात दिसता. कळंबोलीच्या लोखंडबाजारातून नुकतेच आलेले, खांद्यावर गंजाची लाली. मी पाणी आणायला उठते, तर तुम्ही नसता. मग मी पुन्हा डोळे मिटते. निदान चपला काढेपर्यंत तरी थांबायचंत.

कोकण सोडून घणसोलीच्या फ्लॅटमध्ये आलात, पण गाऱ्हाणं काही सोडलं नाहीत. फ्रीज आला, गाऱ्हाणं. माझी बारावी, गाऱ्हाणं. तुम्ही नारळ हातात धरून देवाशी मोठ्याने बोलायचात आणि आम्ही घरच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. शेजारच्या साताऱ्याच्या काकू आधी दारात उभ्या राहून हसायच्या, मग त्याही ‘व्हय’ म्हणायला लागल्या.

माझं बाळ अकराव्या दिवशी गेलं, तेव्हाही तुम्ही नारळ घेतलात. “बा देवा म्हाराजा, माझ्या लेकीवर जा काय वायट इला, त्यातना काय तरी बरा कर रे म्हाराजा.” आई पुटपुटली, “व्हय म्हाराजा.” मी मात्र भडकले. “कसलं बरं, बाबा? सांगा ना! माझं बाळ गेलं, आता त्यातून काय बरं करणारे तुमचा देव?” तुम्ही नारळ न फोडताच देव्हाऱ्यापाशी ठेवलात. त्यानंतर तुम्ही तीन वर्षं जगलात, पण माझ्यासमोर गाऱ्हाणं पुन्हा घातलं नाहीत. आणि मला वाटत राहिलं, बरी बोलले मी.

परवा चौथ्या मजल्यावरची मुलगी हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी आली. सोसायटीतल्या बायका आल्या, ‘देव करतो ते बऱ्यासाठीच’ म्हणाल्या, चहा पिऊन गेल्या. मी तिथेच बसून राहिले. “काकी, तुमी कशा जगलात?” तिने विचारलं. “मला नाही गं माहीत,” म्हटलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पंखा फिरत होता, पडदा हलत होता, किती वेळ गेला कुणास ठाऊक. असं गप्प बसणं मला माझ्या बाळाने शिकवलं. पण एवढ्यासाठी त्याने जायचं होतं का? नाही बाबा, हा सौदा मला आजही मान्य नाही.

तिच्या केसांवरून हात फिरवताना मात्र एकदम कळलं. झालं ते बरं झालं, असं तुम्ही म्हणाला होतात कुठे? तुम्ही तर त्याला वाईटच म्हणालात, देवाच्या तोंडावर. गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच की. माझ्या बाजूने तुम्ही त्याच्याशी भांडत होतात, आणि यातूनही तोच काहीतरी करील म्हणून त्याच्यावरच भार टाकत होतात. काल मी देव्हाऱ्यापुढे उभी राहून त्या मुलीसाठी तेच शब्द म्हटले. होकारही मीच दिला. विश्वास होता का? होता, अर्धामुर्धा.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? कपाटात राहील. एक सांगायचं राहिलंय. नारळ तसाच ठेवलात त्या दिवशी तुम्ही बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतात, ते मला ऐकू येत होतं. मी दाराबाहेरच उभी होते. दार वाजवलं नाही.